डीएनए तपासताय ते छानच, पण वाळवलेलं रोपही जपा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात ‘पश्चिम घाटात नवी वनस्पती सापडली’, ‘पुण्याच्या शास्त्रज्ञांनी नवी बुरशी शोधली’ अशा बातम्या येतात त्यांची कात्रणं मी काढून ठेवते, कारण आयुष्यभर ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवलंय आणि अशी बातमी आली की खरंच आनंद होतो. बातमीत सुंदर फोटो असतो, शास्त्रज्ञांची नावं असतात, ‘डीएनए चाचणीतून सिद्ध झालं’ असं एक वाक्य असतं. पण एक गोष्ट जवळजवळ कधीच नसते, ती म्हणजे त्या रोपाचा वाळवलेला नमुना कुठे ठेवलाय. वाचकाला वाटतं डीएनए काढला, काम झालं, आता ते वाळकं रोप कशाला हवंय. आणि हे फक्त वाचकालाच वाटतं असं नाही, पैसे देणाऱ्यांना आणि कॉलेजं चालवणाऱ्यांनाही तसंच वाटायला लागलंय म्हणून हे पत्र.

आधी हे काम कसं चालतं ते सांगते. टेकडीवरून एक फांदी आणली की तिचे दोन भाग होतात. पानाचे चार तुकडे सिलिका जेलच्या पाकिटात जातात, म्हणजे ते पटकन वाळतात आणि आतला डीएनए फारसा तुटत नाही. उरलेली फांदी फुलाफळासकट पेपरात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि लेबल लावायचं, कुठे मिळाली, किती उंचीवर, कुठल्या तारखेला, कोणी गोळा केली, फुलाचा रंग काय होता, कारण वाळल्यावर रंग जातो. ही झाली हर्बेरियम शीट, आणि अशा शीट्सचा संग्रह म्हणजे हर्बेरियम. मग लॅबमधे पानाची पूड करून सीटॅब नावाचं रसायन घातलेल्या गरम द्रावणात डीएनए मोकळा करतात, आणि आपल्याकडच्या बुळबुळीत पानांमधे, सालींमधे शर्करा आणि टॅनिन इतकं असतं की डीएनए त्यात अडकून बसतो, मुलं आठवडेच्या आठवडे त्याच्यावर घालवतात. नंतर पीसीआर करून ओळखीसाठी ठरलेला डीएनएचा तुकडा वाढवायचा, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढायच्या. झाडांसाठी आरबीसीएल आणि मॅट-के हे दोन तुकडे २००९ मधे ठरले, बुरशीसाठी आयटीएस हा २०१२ मधे ठरला. तो तुकडा वाचला, म्हणजे त्यातल्या अक्षरांचा क्रम काढला, की जीनबँक नावाच्या जागतिक डेटाबेसमधे टाकून बघायचं की हा कशाशी जुळतो.

आता समजा डेटाबेस म्हणाला ९९ टक्के जुळतं. पण कशाशी जुळतं? ज्याने तो आधीचा क्रम टाकला त्याने आपलं रोप नीट ओळखलं होतं का? २००६ साली बुरशीच्या आयटीएस क्रमांची छाननी झाली तेव्हा निघालं की साधारण २० टक्के नोंदींवरची नावं चुकीची असू शकतात. आणि चूक सुधारायची तर मूळ नमुना उघडून बघावा लागतो, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. नमुनाच नसेल तर ती चूक तिथेच राहते आणि पुढचा माणूस त्याच चुकीशी जुळवून आणखी एक चूक टाकतो. नमुन्याशिवाय नुसता डीएनएचा क्रम म्हणजे सातबारा हातात आहे पण जमीन कुठली ते कोणालाच दाखवता येत नाही अशातली गत.

शास्त्रज्ञांनी स्वतःसाठी नियमही तसाच ठेवलाय. वनस्पती, शेवाळ आणि बुरशी ह्या तिघांच्या नावांसाठी जगात एकच नियमावली आहे आणि नवीन नाव द्यायचं तर टाइप म्हणजे आधारनमुना कुठल्या संग्रहात आहे ते सांगावंच लागतं. बुरशीच्या बाबतीत नुसता डीएनए क्रम हाच टाइप धरा असा प्रस्ताव २०१८ साली प्वेर्तो रिकोतल्या जागतिक परिषदेत आला होता, बरीच वादावादी झाली आणि तो मंजूर झाला नाही. मागणी करणाऱ्यांचंही अगदी चूक नव्हतं हं, कारण जगात बुरशीच्या २५ लाखांच्या आसपास जाती असतील असा अंदाज आहे आणि नावं दिलीत दीड लाखाच्या घरात, मातीत नुसता डीएनए सापडतो आणि ती बुरशी डोळ्याला दिसतच नाही असं सर्रास होतं. तरीही बहुमत नमुन्याच्या बाजूने गेलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि ह्या बाबतीत आपलं पुणं किती श्रीमंत आहे बघा. आगरकर रस्त्यावरची आघारकर संशोधन संस्था १९४६ साली प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी सुरू केली, तिथे वनस्पतींचं हर्बेरियम आहे, बुरशीचं वेगळं आजरेकर हर्बेरियम आहे आणि राष्ट्रीय बुरशी संग्रह म्हणजे लॅबमधे वाढवून जपलेल्या जिवंत बुरशींची कल्चरं आहेत. कोरेगाव पार्कजवळ बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ पासून आहे. पाषाणला एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेमधे उद्योगाला लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, एनसीसीएस ह्या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय केंद्राकडे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह आहे, आयसर ही विज्ञानशिक्षणाची संस्था आहे, विद्यापीठाचा बॉटनी विभाग आहे. एका शहरात एवढं सगळं देशात फार कमी ठिकाणी असेल, पण पुण्यात रिक्षावाल्याला सोडा, बॉटनी घेऊन बीएस्सी झालेल्या मुलांनाही हे सगळं कुठे आहे ते सांगता येत नाही.

वाळक्या रोपातून काय निघतं त्याचं आपल्या भागातलंच उदाहरण देते. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड, महाबळेश्वर अशा ठिकाणी कड्यांच्या कपारीत शिंदळ माकुडी नावाची मांसल खोडाची वनस्पती येते, पावसाळ्यात तांबड्या-जांभळट चांदणीसारखी फुलं येतात आणि त्यावर पिवळे ठिपके असतात. डॅल्झेल ह्या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ च्या सुमारास तिला फ्रेरिया इंडिका नाव दिलं, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर ह्यांच्यावरून. तिच्या नातलगांना पानं नसतात म्हणा किंवा नावालाच असतात, हिला मात्र चांगली पसरट पानं, म्हणून हिच्यासाठी स्वतंत्र जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट केला गेला आणि त्या जीनसमधे ही एकटीच. शंभराहून जास्त वर्षं बऱ्याच पुस्तकांत हेच. मग डीएनएची तुलना झाली आणि दिसलं की ही वेगळी नाहीच, बिनपानाच्या भारतीय नातलगांच्या मधोमध हिची जागा आहे, म्हणून आता तिला बाउसेरोसिया फ्रेराय म्हणतात. जीनस गेली म्हणून काहींना वाईट वाटलं, मला उलट हे जास्त भारी वाटतं, कारण आता प्रश्न असा पडतो की सगळ्या घराण्याने पानं टाकली आणि हिनेच का ठेवली, आणि ती आपल्या सह्याद्रीतल्या ओल्या कड्यांवर राहते त्याचा ह्याच्याशी काय संबंध. डॅल्झेलचं वर्णन आणि नंतर लोकांनी गोळा करून ठेवलेले नमुने होते म्हणून ही सगळी चर्चा नेमक्या कुठल्या झाडाबद्दल चाललीये ते तरी नक्की सांगता येतं.

दुसरं उदाहरण परदेशातलं आहे पण आपल्या द्राक्षबागायतदारांना लगेच कळेल. १८४५ पासून आयर्लंडमधे बटाट्यावर करपा आला, भयंकर दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली. त्या काळात कोणीतरी रोग पडलेली बटाट्याची पानं वाळवून हर्बेरियममधे ठेवली होती. लंडनच्या क्यू उद्यानाच्या आणि जर्मनीतल्या म्युनिकच्या संग्रहातल्या त्या पानांतून २०१३ मधे, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांनी, रोगाचा डीएनए वाचला गेला आणि नेमका कुठला प्रकार पसरला होता ते कळलं. ठेवणाऱ्याला डीएनए ही गोष्टच माहीत नव्हती! आणि गंमत म्हणजे हा करपा बुरशी नाहीच, डीएनएने दाखवलं की तो डायटम नावाच्या एकपेशी शेवाळांच्या आणि तपकिरी समुद्री शेवाळांच्या जवळचा आहे. द्राक्षावरचा डाऊनी म्हणजे केवडा त्याच गटातला, भुरी मात्र खरी बुरशी. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला हे अनुभवाने माहीतच असतं की भुरीवर चालणारं औषध बहुतेकदा डाऊनीवर चालत नाही, त्याचं कारण इथे आहे, बऱ्याचशा भुरीनाशकांचा मारा बुरशीच्या पेशींच्या पडद्यातल्या एर्गोस्टेरॉल ह्या घटकावर असतो आणि डाऊनीवाला ते बनवतच नाही. मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या लोकांना विचारा, ओळख चुकली तर फवारणीचे पैसे सरळ पाण्यात.

शेवाळ म्हटलं की आपल्याकडे लोक घसरायला होतं एवढंच म्हणतात. पण दगडफूल तर प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे ना, गोड्या मसाल्यात घालतो ते. ते बुरशी आणि शेवाळ ह्यांचं एकत्र बिऱ्हाड आहे, शेवाळ उन्हात अन्न तयार करतं, बुरशी घर देते आणि पाणी धरते. २०१६ मधे तर काही दगडफुलांच्या वरच्या थरात यीस्टच्या जातीची आणखी एक बुरशी तिसरी भागीदार म्हणून राहते हेही डीएनएमुळेच कळलं, तोपर्यंत दीडशे वर्षं सगळे दोघांचाच संसार समजत होते. ही वर्षाला काही मिलीमीटरच वाढतात, आणि बाजारातल्या एका पुडीत दोनतीन जातीसुद्धा निघतात. आघारकर संस्थेच्या लोकांनी अलीकडेच पश्चिम घाटातून अलोग्राफा नावाच्या गटातलं नवीन दगडफूल नोंदवलं, त्यात बुरशीचा डीएनए वेगळा आणि आतल्या शेवाळाचा वेगळा तपासला. आता मला सांगा, असा नमुना गेला तर दोघांचीही साक्ष गेली. २०२४ मधे त्याच संस्थेतून इंडिकोनेमा ही डायटमची नवीन जीनस जाहीर झाली, पूर्व घाटातल्या स्वच्छ नदीतली. डायटम म्हणजे काचेच्या डबीतलं एकपेशी शेवाळ, ओळखायला त्याच्यावरची नक्षी बघावी लागते आणि नक्षी दिसायला ॲसिडने धुवावं लागतं, पण ॲसिडने धुतलं की डीएनए संपला! म्हणून पाण्याच्या एकाच बाटलीचे भाग करून एक स्लाइडसाठी, एक डीएनएसाठी ठेवायचा, आणि दोन्हीवर एकच नंबर. हे काम मशीन करत नाही, चिकाटीचा माणूसच करतो.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगते. एका कॉलेजात रिनोव्हेशन झालं, बॉटनी डिपार्टमेंटची जागा कमी केली, आणि लाकडी कपाटांतल्या जुन्या हर्बेरियम शीट्स रद्दीत गेल्या. कळलं तोवर टेम्पो निघून गेला होता. त्यात सिंहगड, मुळशी, भीमाशंकर, पुण्याच्या टेकड्या इथून विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी गोळा केलेली रोपं होती, काही ठिकाणी आता सोसायट्या उभ्या आहेत. कारण काय दिलं, तर आता सगळं मॉलिक्युलर म्हणजे डीएनएवरचं झालंय, हे कोण बघतं. मला तेव्हा रडू आलं होतं आणि अजूनही राग येतो. अहो मॉलिक्युलर झालंय म्हणूनच तर त्या शीटची किंमत वाढलीये! जुन्या पानाच्या नखाएवढ्या तुकड्यातून आज डीएनए निघू शकतो, त्या काळी त्या टेकडीवर त्या जातीत किती विविधता होती ते बघता येतं, आजच्या उरल्यासुरल्या झाडांशी ताडता येतं. एकही फोन केला असता तर शहरातल्या संग्रहाच्या लोकांनी येऊन निदान चाळून तरी नेलं असतं.

औषधी झाडांचं तर विचारूच नका. अशोकाच्या सालीच्या नावाने आसोपालवाची साल विकली जाते हे वैद्यांना कधीपासून माहीत आहे, साल वाळून पूड झाली की डोळ्याने ओळखणं कठीण, डीएनए तपासला तेव्हा बाजारातली बरीच साल अशोकाची नव्हतीच असं निघालं. पण तपासायला आधी खऱ्या सीता अशोकाचा खात्रीचा नमुना लागतो. नरक्या ह्या झाडाचं आणखी वाईट. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं, त्यापासून कॅन्सरची टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं बनतात, म्हणून सह्याद्रीतून नरक्याची झाडं मुळासकट तोडून नेली. २००५ मधे आपल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं की नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीसुद्धा कॅम्प्टोथेसिन बनवते, केवढी आशा वाटली होती, झाड न तोडता टाकीत बुरशी वाढवायची! पण अशा बुरशा लॅबमधे पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की औषध बनवणं कमी कमी करत जातात असं पुढे दिसलं. म्हणजे जंगलातलं झाडही हवं, आणि पहिल्यांदा वेगळी केलेली बुरशी गोठवून नीट जपलेली हवी. कल्चर जपणं म्हणजे फ्रीझर चोवीस तास चालू, वीज गेली तर जनरेटर, आणि वेळोवेळी ती जिवंत आहे का, शुद्ध आहे का तपासणारी पगारी माणसं. ह्याला फंड मागितला की उत्तर येतं यात नवीन संशोधन काय आहे.

टेकड्यांबद्दल बोलल्याशिवाय पुण्याचं पत्र पूर्ण होत नाही. वेताळ टेकडीवर, तळजाईवर, पाचगावला सगळीकडे ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावलंय, हिरवं दिसतं म्हणून लोक खूश, पण आपल्या टेकड्या मुळात गवताळ आणि खडकाळ आहेत आणि खरी दौलत गवतात आणि कातळावरच आहे. आघारकरच्याच अभ्यासात पश्चिम घाटात पूर्ण सुकून परत हिरव्या होणाऱ्या ६२ वनस्पती नोंदवल्या गेल्या, आधी फक्त ९ माहीत होत्या, बहुतेक कातळावरच्या. तळेगाव दाभाड्याच्या माळावर २०२४ मधे डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा ही नवीन जात जाहीर झाली, पावसाळ्यानंतर एकदा फुलते आणि वणव्यानंतर जळक्या बुंध्यातून परत बुटकी फुलते. तळेगाव! एक्स्प्रेस वेला लागून, जिथे रोज नवीन प्लॉटिंगच्या जाहिराती लागतात. कोणी माळरान म्हणजे पडीक जमीन असं समजून तिथे आधीच बुलडोझर घातला असता तर ही जात नाव मिळायच्या आधीच संपली असती.

आणि घाईने नाव ठेवलं की काय होतं ते लोणारला बघितलंच. जून २०२० मधे सरोवर गुलाबी झालं तेव्हा शेवाळामुळे झालं असं सगळीकडे छापून आलं, वनखात्याने पाण्याचे नमुने पुण्याला पाठवले, आणि तपासात निघालं की ते हॅलोआर्किया म्हणजे खारट पाण्यात राहणारे वेगळेच सूक्ष्मजीव. नमुना होता म्हणून हे सांगता आलं.

राज्य सरकारने २०२२ मधे महाराष्ट्र जनुक कोष प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपये मंजूर केले, त्यात गवताळ प्रदेश आहेत, गोड्या पाण्यातली जैवविविधता आहे, स्थानिक बियाणं आहे. फार चांगलं पाऊल आहे, मनापासून सांगते. पण माझी मागणी अशी की अशा प्रत्येक प्रकल्पात जिथे जिथे डीएनए काढाल तिथे वाळवलेला नमुना किंवा कल्चर संग्रहात जमा केल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, आणि संग्रह सांभाळणाऱ्या लोकांचा पगार प्रकल्पाच्या खर्चात धरा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगाव लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या असतात, त्यात झाडं, पक्षी, फुलपाखरं ह्यांच्या याद्या उत्साहाने भरल्या जातात, बुरशी, शेवाळ आणि दगडफुलं सहसा कोणाच्या लक्षातच येत नाहीत. पावसाळ्यात वारुळाजवळ अळंबी कुठे उगवते ते मुळशी-मावळातल्या बायकांना चांगलं माहीत असतं, त्यांना विचारून, त्यांचं नाव लिहून ती नोंद घ्या, एक अळंबी कमी आचेवर वाळवून संग्रहात द्या, वर्षानुवर्षं कामाला येईल.

संपादक साहेब, आपल्याकडून एवढंच हवंय की नवीन जातीची बातमी छापताना नमुना कुठल्या हर्बेरियममधे किंवा संग्रहात ठेवलाय ती एक ओळ घाला. कॉलेजच्या प्राचार्यांना विनंती, जुनी कपाटं रिकामी करायच्या आधी आघारकर किंवा बोटॅनिकल सर्व्हेला फोन करा. आणि महापालिकेला स्पष्ट सांगते, बालभारती-पौड फाटा रस्त्याला माझा विरोधच आहे, टेकडी फोडू नये हेच माझं म्हणणं, पण टेकडीवरचा कुठलाही पट्टा कुठल्याही कामासाठी घ्यायचा असेल तर तिथे आधी अख्खा एक पावसाळा वनस्पती, बुरशी, शेवाळ आणि दगडफुलं गोळा करणाऱ्या लोकांना परवानगी आणि पैसे द्या, नमुने शहरातल्या संग्रहात जमा झाल्याची पावती फाइलला लावा, आणि हे टेंडर निघायच्या आधी झालं पाहिजे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
कोथरूड, पुणे